कुणाच्या औषधाला गुण?

आमचे साडू ठाण्यात राहतात आणि समुद्र घरी बनवतात. आधी नळाच्या पाण्यातला कणन् कण आरओ लावून काढून टाकतात, मग त्या कोऱ्या पाण्यात परदेशातून आलेलं मीठ घालतात, लिटरला ३५ ग्रॅम. ३०० लिटरचा टँक म्हणजे साडेदहा किलो मीठ, आणि अधूनमधून पाणी बदलायचं त्याचं वेगळं. इमारतीच्या गच्चीवरून खाडी दिसते. त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "अहो, एवढं खारं पाणी फुकट पडलंय, मग विकतचं मीठ कशाला?" साडू पाहुण्याला गच्चीवर नेतात, खाडी दाखवतात आणि विचारतात, "यात तुम्ही पाय धुवाल?" विषय तिथं संपतो.

टँक हॉलमध्ये आहे. निळे दिवे, लाटा उठवणारा पंप, पाण्यातली घाण फेसात गोळा करणारा स्किमर आणि पाणी २६ अंशांवर ठेवणारा चिलर असा सगळा सरंजाम. माणसांसाठी घरात एकच एसी, तोही बेडरूममध्ये. "या घरात मे महिना सुखात काढायचा तर मासा होऊन यावं," असं ताई म्हणतात. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांचा माशांना विरोध नाही. फक्त एकदा त्यांनी विजेचं बिल टँकच्या काचेवर चिकटवलं होतं, आकड्यांची बाजू आत करून. ज्याचा खर्च त्यानं बघावा, असं त्यांचं म्हणणं.

राहणारी मंडळी मोजकीच. क्लाउनफिशची जोडी, जिला २००३ च्या त्या चित्रपटापासून जगातलं कुठलंही पोर निमो म्हणतं. त्याच चित्रपटातली विसराळू डोरी, म्हणजे निळा टँग. आणि एक लाल-पांढरी शोभेची कोळंबी. या एका कोळंबीच्या किमतीत आमच्या घरी सगळ्यांना पुरून उरेल एवढं कालवण होतं, हे सासूबाईंनी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. क्लाउनफिशची पैदास माणसाच्या हाताखाली बरी होते. आपल्याकडेही ती करतात. निळ्या टँगचं मात्र तसं नाही. तो टँकमध्ये पैदा करून वाढवणं फ्लोरिडा विद्यापीठातल्या लोकांना पहिल्यांदा जमलं ते २०१६ साली. त्यामुळे दुकानात दिसणारी डोरी बहुधा समुद्रातून उचललेली, हजारो मैल पिशवीतून आलेली, दमलेली. खवले बारीक, कातडी नाजूक, आणि अंगावर पांढरे ठिपके धरण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

ते ठिपके पहिल्यांदा पाहिले सासूबाईंनी. सासूबाई मालवणच्या. मासा या विषयात त्यांचा अधिकार निर्विवाद, फक्त त्यांचा सगळा अनुभव पाण्याबाहेरच्या माशाचा. सकाळी चहाचा कप घेऊन त्या टँकजवळ गेल्या, चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "ह्येका रवो कोणी लावल्यान?"

निदान अचूक होतं. डोरीच्या पंखांवर आणि पाठीवर पांढरे बारीक कण होते, तव्यावर जाण्याच्या आदल्या मिनिटाला असतात तसे. ती मधूनच वाकडी होऊन दगडाला अंग घासत होती आणि कल्ले भराभर हलत होते. साडूंनी चहा टाकला आणि पुस्तकं काढली.

या रोगाला छंदातली माणसं मरीन इच म्हणतात. करणारा जीव एकपेशी, नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. जपानी संशोधकांनी त्याचं वर्णन १९३० च्या दशकात केलं आणि आजचं नाव त्याला लंडनमध्ये मिळालं, १९५१ साली. त्याच साली मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. म्हणजे मुंबईकरांना काचेआडचे मासे बघायची सोय झाली आणि काचेआडच्या माशांना काय होतं त्याचं बारसंही झालं, एकाच वर्षात. योगायोगच, पण साडूंना तो सांगायला फार आवडतो.

या जिवाचं वेळापत्रक नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावर उभं आहे. ठिपका दिसतो तो जीव माशाच्या अंगावर बसलेला नसतो, कातडीच्या वरच्या थराखाली शिरून बसलेला असतो. तिथं तो तीन ते सात दिवस जेवतो. पोट भरलं की आपण होऊन उतरतो, बहुतेक वेळा अंधारात. तळाशी जातो, काही तास सरपटतो, मग वाळूला, दगडाला, काचेला चिकटून भोवती कवच करून घेतो. कवचात एकाचे दोन, दोनाचे चार करत दोनशेपर्यंत पिल्लं होतात. कवच फुटायला कधी तीन दिवस, बहुधा आठवडाभर, आणि एखादं आळशी कवच ७२ दिवसांपर्यंतही थांबतं. बाहेर आलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पण निसर्गानं त्यांचीही सोय केलेली आहे. ती बाहेर पडतात पहाटेच्या अंधारात, आणि त्या वेळी मासे तळाशी झोपलेले असतात.

तेव्हा माशाच्या अंगावरचे ठिपके गेले याचा अर्थ रोग गेला असा नाही. रोग बाळंतपणाला गेला, एवढाच.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. ठिपके दिसले त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या घेऊन टँकवरून दृष्ट काढली. "आजी, आत साडेदहा किलो मीठ आहे," नातू म्हणाला. "ता विकतचा," आजी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी साडूंच्या ऑफिसातल्या एकानं लसूण सांगितला. खाणं लसणाच्या रसात भिजवून द्यायचं. याला आपण आजीच्या बटव्यातला उपाय म्हणून हसू नये. अमेरिकेत माशांसाठी लसणाचा अर्क छान बाटलीत भरून विकतात आणि तिथली शिकलेली माणसं तो घेतात. माशाची भूक त्यानं वाढते म्हणतात. इच बरा होतो याला मात्र आधार नाही. डोरीनं ते खाल्लं. घरभर असा वास सुटला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, आज काय बेत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या ब्लॉकमधले काका साबुदाण्याएवढ्या होमिओपॅथीच्या गोळ्या घेऊन आले. "जिभेखाली ठेवायच्या," असं सवयीनं म्हणाले आणि मग टँककडे बघून जरा थांबले. चौथ्या दिवशी गोल्डफिश पाळणारा एक भाचा आला. "तापमान ३० वर न्या, माझे दोन दिवसांत साफ झाले." गोड्या पाण्यातल्या इचला ती मात्रा चालते. पण तो जीवच निराळा. ठिपके सारखे दिसतात, एवढ्यावर त्यांचं भाऊपण संपतं.

पाचव्या दिवशी सकाळी डोरी स्वच्छ. एक ठिपका नाही. निळा रंग असा की विजेचं बिल वसूल.

त्या रविवारी ठाण्यात जी बैठक भरली तिला मी हजर होतो. साडूंनी पेढे आणले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या, आणि ते हसणं फार बोलकं होतं. होमिओपॅथीचे काका म्हणाले, तिसऱ्या मात्रेला गुण येतोच. भाच्यानं फोनवर "सांगितलं होतं ना" म्हटलं. ऑफिसातल्या लसूणवाल्याला साडूंनी सोमवारी डबा पाठवला. चौघांच्या चार तऱ्हा, आणि चौघांनाही गुण आला होता. इचचा जीव आपल्या वेळापत्रकानं जेवून उतरून गेला होता आणि वाळूत शांतपणे पिल्लं मोजत होता. यातला खरा विनोद असा की डोरीला काहीच केलं नसतं तरी पाचव्या-सातव्या दिवशी ती स्वच्छच झाली असती. फक्त मग पेढे कुणाला द्यायचे, हा प्रश्न पडला असता.

दीड आठवड्यानं ठिपके परत आले. या वेळी डोरीवर, निमोंवर, सगळ्यांवर, आणि मोजायची सोय उरली नाही. तेव्हा मी एक गोष्ट टिपली. गुण आला की तो औषधाचा असतो, उलटलं की दोष पथ्याचा असतो. लसूणवाला म्हणाला, "मध्येच बंद केलात ना?" काका म्हणाले, टँकजवळ कुणीतरी कॉफी प्यायलं असणार. सासूबाईंनी कॅलेंडर काढून अमावास्या दाखवली. आपलं औषध चुकलं असेल, ही शंका एकाच्याही मनाला शिवली नाही. आणि का शिवावी? गेल्या खेपेला सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझं आता असं ठाम मत झालं आहे की शोभेच्या माशांच्या औषधांचा अर्धा बाजार या एका जिवाच्या जेवणाच्या वेळांवर चालतो. बाटलीवर लिहायचं, पाच ते सात दिवसांत फरक. फरक पडतोच. गिऱ्हाईक खूश. पुन्हा ठिपके आले की पुन्हा बाटली. साडूंनीही एक आणली, मिरीचा अर्क असलेली, "कोळंबी आणि प्रवाळांना पूर्ण निर्धोक" असं लिहिलेली. ते अगदी खरं होतं. ज्या औषधानं कोळंबीच्या मिशीला धक्का लागत नाही, त्यानं इचचाही केस वाकडा होत नाही.

मग आला डॉक्टर. डॉक्टर म्हणजे लॅब्रॉइडिस डिमिडिएटस हा निळा-काळा पट्टेवाला बोटभर मासा. प्रवाळांच्या वसाहतीत त्याचा दवाखाना असतो, ठरलेल्या जागी. मोठमोठे मासे तिथं येऊन तोंड उघडून थांबतात आणि हा त्यांच्या कल्ल्यांतून, दातांतून फिरत परोपजीवी वेचतो. ऑस्ट्रेलियात कुणीतरी चिकाटीनं मोजलं, तर एक डॉक्टर दिवसाला सरासरी १२०० किडे खातो असं निघालं. हुशारही तेवढाच. २०१९ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्याखाली किड्यासारखा तपकिरी ठिपका काढला आणि समोर आरसा ठेवला. त्यानं आरशात पाहिलं आणि गळा वाळूवर घासून ठिपका पुसायचा प्रयत्न केला. म्हणजे ठिपका आपल्या अंगावर आहे, हे त्याला कळलं. माणसाच्या बाबतीत ही खात्री देता येत नाही.

दवाखाना म्हटला की बोगस डॉक्टरही आलाच. अ‍ॅस्पिडोन्टस टेनिएटस नावाचा एक मासा याच्यासारखेच पट्टे घेऊन याच्यासारखाच नाचत येतो. भाबडा पेशंट अंग सैल सोडतो आणि हा त्याच्या पंखाचा लचका तोडून पसार होतो. अनुभवी मासे त्याला ओळखतात, फसतात ती कोवळी पोरं. डिग्री भिंतीवर लावायचा नियम समुद्रात नाही, त्याचा हा परिणाम.

साडूंचा डॉक्टर अस्सल होता, पण त्याचं शिक्षण दुसऱ्या विषयातलं. तो वेचतो ते कातडीवर बसलेले किडे. इच असतो कातडीच्या आत. डॉक्टरांनी डोरीची तपासणी केली, निमोंनी त्यांना घराजवळ फिरकू दिलं नाही, आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांच्याच अंगावर ठिपके उमटले.

इथं साडूंचा नूर पालटला. ते अभ्यासाला बसले. त्यांनी शिंग असलेल्या, खूर असलेल्या, भुंकणाऱ्या सर्वांच्या डॉक्टरांकडे एक क्लाउनफिश पिशवीतून नेला. बाकावर एक लॅब्रॅडोर, एक सयामी मांजर आणि मांडीवर पिशवी घेतलेले साडू. मांजरानं आपला आजार विसरून पिशवीवर जी नजर लावली ती नंबर येईपर्यंत काढली नाही. डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, "पोटात गेलेल्या माशाचं काट्यासकट बघतो मी. जिवंत माशाला वर्सोव्याला न्या, मत्स्यशिक्षण संस्थेत. तिथं त्यांचेच लोक आहेत."

क्लोरोक्विनचा शोधही साडूंना याच काळात लागला. मलेरियावरचं हे जुनं औषध मरीन इचवर आणि त्याहून भयंकर अशा व्हेल्व्हेट नावाच्या रोगावर चालतं, लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम. साडू लगोलग औषधाच्या दुकानात.

"कुणाला झालाय मलेरिया?"

"मलेरिया नाही, ठिपके आहेत."

"वय?"

"असेल दीड वर्षं."

"वजन किती आहे बाळाचं?"

"ऐंशी ग्रॅम."

दुकानदारानं गोळ्यांची पट्टी परत ड्रॉवरमध्ये टाकली आणि चिठ्ठी घेऊन या म्हणाला. बरोबर वागला. साडूंनी सत्य सांगितलं, हेच त्यांचं चुकलं, असं ताईंचं मत.

राहिलं तांबं. इचवरचा जुना आणि खात्रीचा इलाज तोच. ही बातमी ऐकून होमिओपॅथीवाले काका आपल्या घरचा तांब्याचा तांब्या घेऊनच आले. रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी कफ, वात, पित्त, ठिपके, काही राहणार नाही. गंमत म्हणजे काकांचं द्रव्य बरोबर होतं. चूक फक्त मात्रेची. माशाला तांबं लागतं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. त्याच्या खाली गेलं तर इच मजेत, वर गेलं तर मासा जातो. जागतिक आरोग्य संघटना माणसाच्या पिण्याच्या पाण्यात २ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेते. म्हणजे काका जे कौतुकानं पितात त्यात डोरी राहू शकत नाही. शिवाय तांब्याचा मार बसतो तो पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीतल्या आणि कवचातल्या मंडळींना त्याचं काही नाही. ती एकेक करून बाहेर येईपर्यंत मात्रा हलू न देता दोन आठवडे ते महिनाभर धरून ठेवायची. बरं, मोठ्या टँकमध्ये हे करताच येत नाही. वाळू आणि दगड तांबं शोषून घेतात आणि कोळंबी तर तांब्याचं नाव काढताच मान टाकते. प्रवाळांचंही तेच, पण साडूंकडे प्रवाळ नाहीत. दगडी प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्यात २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, थेट वाघाच्या पंगतीला. कायदा पाळणाऱ्या माणसाला एवढी एक काळजी कमी.

म्हणून निमोंसाठी बेडरूममध्ये दुसरा टँक आला. नुसती काच, वाळू नाही, दगड नाही. एक स्पंजचा फिल्टर, आणि लपायला प्लंबरकडचा पीव्हीसीचा एल्बो. रोज रात्री तांब्याची तपासणी. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, आणि जो निळसर रंग येईल तो छापील तक्त्याशी लावून बघायचा. तक्त्यावरच्या ०.१५ आणि ०.२५ यांच्यातला फरक फक्त छापणाऱ्याला माहीत. एका रात्री मी होतो. ट्यूबलाइटखाली चौघे नळी धरून उभे. साडू म्हणाले ०.१५. मुलगा म्हणाला ०.२५. मला दोन्ही सारखे दिसत होते. ताई कणीक मळता मळता आल्या, लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "हा रामा नाही, मोरपंखीकडे झुकलाय. थोडं पाणी बदला." साडूंनी बदललं. दुसऱ्या दिवशी आणलेल्या महागड्या डिजिटल मीटरनं ताईंच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हापासून मीटर कपाटात आहे आणि तपासणी ताईंकडे.

डोरीची तऱ्हा वेगळी. टँगना तांबं फारसं मानवत नाही. तिच्यासाठी स्थलांतर. या युक्तीमागे इस्रायलमधल्या इलात इथल्या कोलोर्नी या शास्त्रज्ञाचं १९८० च्या दशकातलं काम आहे, आणि युक्ती इतकी साधी की ऐकून राग यावा. जीव माशावरून उतरतो, कवच करतो, आणि ते फुटायला किमान तीन दिवस लागतात. मग तीन दिवस व्हायच्या आत मासाच उचलून दुसऱ्या कोरड्या, धुतलेल्या भांड्यात, नव्या खाऱ्या पाण्यात ठेवायचा. पिल्लं बाहेर येतात तेव्हा यजमान पत्ता न ठेवता गेलेला. असं चार वेळा, बारा दिवसांत मासा मोकळा. औषधाचा थेंब नाही. भांडी मात्र दोन हवीत. साडूंनी एक घेतलं कोठीच्या खोलीतलं झाकणाचं पिंप आणि दुसरा गणपतीच्या घरगुती विसर्जनाचा निळा टब. पिंपात ताईंचे तांदूळ असायचे. या दोन वाक्यांत मी जे गाळलं आहे ते त्या घरात आठवडाभर चाललं होतं.

मासे असे बेडरूममध्ये आणि कोठीत. हॉलमधला मोठा टँक मोकळा, आणि उपचाराचा सर्वांत अवघड भाग हाच. मासा नसेल तर पिल्लं उपाशी मरतात. पण ते आळशी, ७२ दिवसांचं कवच लक्षात घेऊन सावध मंडळी ७६ दिवस टँकमध्ये मासा ठेवत नाहीत. कोळंबी, गोगलगायी राहिल्या तर चालतं, त्यांना हा रोग होत नाही. दिवे, पंप, चिलर सगळं चालू ठेवावं लागतं, नाहीतर दगडांतले उपयोगी जिवाणू मरतात. त्यामुळे अडीच महिने साडूंच्या हॉलमध्ये निळ्या प्रकाशात, मंद लाटांखाली, २६ अंशांच्या गारव्यात काही दगड ठेवलेले होते.

या काळात येणाऱ्यांची फार पंचाईत झाली. पाहुणा सोफ्यावर बसतो, समोर एवढा मोठा उजळलेला टँक. शिष्टाचार म्हणून बघावं लागतं. बघतो. पुढं सरकून बघतो. मग कोपऱ्यात बघतो. कौतुक करायला काहीतरी सापडेल या आशेनं दोन मिनिटं जातात. एक गृहस्थ शेवटी म्हणाले, "छान. दगड... चांगले निवडलेत." दुसऱ्या बाईंनी हळूच ताईंना विचारलं, सगळे गेले का हो? "नाही, आत झोपायच्या खोलीत आहेत," ताई म्हणाल्या, आणि त्या बाईंनी विषय बदलला. सोसायटीच्या सेक्रेटरींना कोळंबी दिसली. ते तिच्याकडे बघत बराच वेळ बसले आणि जाताना म्हणाले, "एकटीला एवढी जागा!" मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला याहून मोठा धक्का देता येत नाही.

सासूबाईंना मात्र हा काळ मानवला. त्या संध्याकाळी टँकसमोर जप करत बसत. काही हलत नाही, मन एकाग्र होतं.

बाकीच्या रोगांबद्दल साडू खूप सांगतात, मी थोडं सांगतो. व्हेल्व्हेट म्हणजे अंगावर सोनेरी भुकटी. ती आधी कल्ल्यांत बसते आणि दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ब्रुकलिनेला क्लाउनफिशना धरतो, कातडी चिकट पापुद्र्यांनी सुटते, हाती एखाद-दोन दिवस असतात आणि इलाज फॉर्मालिनचा, ज्यात आम्ही कॉलेजात मेलेले मासे ठेवायचो. आणि एक चपट्या कृमी, काचेसारख्या पारदर्शक, माशावर असताना दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी साडू गोड्या पाण्याची आंघोळ घालतात. तापमान आणि सामू जुळवून पाच मिनिटं. मासा पहिल्यांदा आडवाच होतो, बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. मग बादलीच्या तळाशी बारीक पांढरट चकत्या दिसू लागतात. कृमी गोड्या पाण्यात फुगून, पांढऱ्या पडून गळतात. त्या चकत्या साडू भिंगातून ज्या समाधानानं मोजतात तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी पगारवाढीच्या पत्रानंतरही पाहिलेलं नाही.

७७ व्या दिवशी मासे हॉलमध्ये परतले. डोरी निळीशार. पेढे पुन्हा आले. काका म्हणाले, शेवटी तांब्यानंच काम केलं ना! सासूबाईंनी जपाची माळ डोळ्यांना लावली. लसूणवाल्यानं विचारलं, मी म्हटलेलं मध्येमध्ये देत होता ना? देत होते.

या सगळ्या खटाटोपाचं मूळ अर्थातच दुकानातली ती पिशवी. नवीन मासा आणला की तो सरळ टँकमध्ये न सोडता महिनाभर वेगळा ठेवला, तर वरचं काहीही घडत नाही. हे प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असतं आणि प्रत्येक छंदिष्ट ते दुसऱ्या वाचनात वाचतो. एकदा पटल्यावर साडू ते कडक पाळतात. पण वेगळा म्हणजे किती वेगळा? व्हेल्व्हेटची पिल्लं हवेत उडणाऱ्या तुषारांबरोबर जाऊ शकतात हे प्रयोगांत दिसलं आहे, तेव्हा दोन टँकमध्ये दहा फूट अंतर हवं, शिवाय जाळी, बादली, टॉवेल सगळं वेगळं. साडूंनी टेप घेऊन सगळं घर मोजलं. हॉलमधल्या टँकपासून, बेडरूम ताईंनी परत घेतल्यावर, दहा फूट म्हणजे काकांचं स्वयंपाकघर.

म्हणून बेडरूममधला तो दुसरा टँक आता आमच्याकडे मुलुंडला आहे. आमच्याकडे जागा आहे असं नाही, पण बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणायची सोय आपल्या समाजात नाही. स्पंज, एल्बो, परीक्षानळ्या, सगळं आलं. तक्ता ताईंना व्हिडिओ कॉलवर दाखवायचा असतो. गेल्या आठवड्यात एक पिवळा टँग दाखल झाला. देखणा, खाण्यापिण्याला चोख. काल रात्री त्याच्या शेपटीजवळ मला एक पांढरा ठिपका दिसला. साडूंना मी लगेच फोन केला. ते निघालेच आहेत, आणि मागून फोनवर सासूबाईंचा आवाज आला, मीठ-मोहरी घरात आहे की येताना घेऊन येऊ?